उपग्रहाच्या डोळ्यातील मऊ सांधे

जमिनीतील ओल अपुरी पडताच पिकाची पर्णरंध्रे मिटू लागतात, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि पानाचे तापमान चढते. पीक कोमेजलेले दिसण्यापूर्वीच पुष्कळदा हा फरक पडलेला असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेने सोडलेला लँडसॅट-८ हा उपग्रह ही उष्णता सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून टिपतो. तिच्या नकाशावरून पाणी-पाळीचा विचार करणाऱ्या बंधूंनी तो नकाशा कशावर उभा आहे हे जाणून घ्यावे.

पानातून निघणारे उष्णतेचे अवरक्त किरण साध्या कॅमेऱ्यातील सिलिकॉनला टिपता येत नाहीत. यास्तव ते टिपण्याचे काम गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीकडे व त्यांचा विद्युत्संकेत वाचण्याचे काम सिलिकॉनच्या चकतीकडे सोपविलेले आहे. एका चकतीवर ६४० × ५१२, म्हणजे ३,२७,६८० संवेदक असतात. लगतच्या दोहोंच्या मध्यबिंदूंतील अंतर अवघे २५ मायक्रॉन. अशा चकत्यांचे तीन जोड आहेत. इतक्या तारा जोडणार कोण? म्हणून इंडियम धातूचे सूक्ष्म उंचवटे घडवून दोन्ही चकत्या जात्याच्या तळ्यांप्रमाणे समोरासमोर आणतात व दाबून सांधतात. प्रत्येक संवेदकास त्याचा स्वतंत्र सांधा मिळतो.

इंडियमच का, हा प्रश्न रास्त आहे. संवेदकांच्या स्वतःच्या उष्णतेने संकेत बुडू नये म्हणून त्यांना उणे २३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते. त्या थंडीत गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनपेक्षा अधिक आकसते आणि सांध्यांवर ओढ बसते. ताठर धातूचा सांधा तेथे तडकण्याचा संभव फार. इंडियम नखाने ओरखडता येईल इतका मऊ, आणि अशा थंडीतही तो मऊपणा पुष्कळसा टिकवितो. तरीही एखादा सांधा सुटलाच, तर तेवढा बिंदू आंधळा होतो. त्यासाठी राखीव ओळ ठेवलेली असून तिच्यातील संवेदकाचे मापन त्या जागी घेतात.

परंतु एवढ्या कुशलतेनंतरही या उष्णता-चित्राचा एक चौकोन १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा असतो. वितरित चित्रात चौकोन ३० मीटरचे दिसतात, ते केवळ विभागणीमुळे. त्यांना भुलू नये. एका एकराच्या वाफ्याचे तापमान शेजारच्या उसात व रस्त्यात मिसळलेले असते. शिवाय हा उपग्रह त्याच शिवारावर १६ दिवसांनी येतो, आणि खरिपात ढग आडवे येतात. सलग मोठ्या क्षेत्राचा कोणता भाग तापतो आहे, एवढेच त्यावरून पाहावे; आणि पाणी सोडण्यापूर्वी तेथे मुळांच्या खोलीपर्यंत खणून मूठभर माती दाबून पाहावी.