मुखवट्यांच्या नगरीत

फेब्रुवारीतील व्हेनिस म्हणजे थंडी, धुके आणि कालव्यांचा ओलसर वास. अशा दिवसांत आम्ही तेथे गेलो ते केवळ कार्निव्हलसाठी. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागण्याआधी मनसोक्त खाऊनपिऊन, नाचून घ्यावे, ही या उत्सवामागची कल्पना. गोव्यातील आमच्या वाचकांना 'इंत्रुज' ठाऊकच आहे. परंतु तेथील चित्ररथ आणि जल्लोष मनात ठेवून आलेल्यास सान मार्कोच्या चौकात, निदान सकाळच्या प्रहरी, चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. पायघोळ रेशमी वस्त्रे ल्यालेल्या आकृती कमानींखालून संथपणे येतात, किंचित मान लववतात आणि एक शब्दही न बोलता धुक्यात दिसेनाशा होतात.

या सोंगांतील सर्वांत साधे सोंग 'बाऊता'चे. पांढरा मुखवटा, काळा झगा आणि त्रिकोणी टोपी. मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असल्यामुळे तो न काढता खातापिता येते. शिवाय आवाजही बदलतो. जुन्या प्रजासत्ताकात २६ डिसेंबरपासून मुखवटे घालण्याची मुभा असे आणि मुखवटाधारी कोणीही असो, सरदार वा नोकर, त्याला 'मुखवटेबाई' अशा अर्थाच्या एकाच संबोधनाने नमस्कार केला जाई. १६३८ साली सरकारने उघडलेल्या 'रिदोत्तो' या जुगारगृहात तर जुगाऱ्यांना मुखवटा सक्तीचाच होता! अनेक घराणी तेथे धुळीस मिळाल्यावर १७७४ मध्ये ते बंद करण्यात आले.

स्त्रियांच्या 'मोरेत्ता'ने मात्र आम्हांस अस्वस्थ केले. हा काळ्या मखमलीचा लंबगोल मुखवटा. त्याला बंद नसतात. आतल्या बाजूस असलेले बटण दातांत धरावयाचे. म्हणजे मुखवटा आहे तोवर बोलणे नाही. यात गूढ सौंदर्य आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पटले नाही.

१७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक संपविले, नगरी ऑस्ट्रियाकडे गेली आणि उत्सवाची रया गेली. आज दिसणारा कार्निव्हल १९७९-८० च्या सुमारास नव्याने उभा राहिलेला आहे. त्याबरोबर मुखवटे करणारेही परतले. १४३६ मध्ये त्यांच्या पूर्वसूरींच्या संघाची नियमावली नोंदली गेली होती. एका गल्लीतील कार्यशाळेत आम्ही बराच वेळ उभे होतो. प्लास्टरच्या साच्यात खळीने भिजवलेल्या कागदाचे थर बसवायचे, वाळल्यावर अलगद सोडवायचे, डोळ्यांची भोके कापायची, मग पांढरा लेप आणि रंग. घाई चालत नाही. बाहेर ठेल्यावर मात्र परदेशांतून आलेल्या प्लास्टिकच्या मुखवट्यांची रास लागलेली, आणि गर्दीही तेथेच!

खरी चिंता याहून मोठी आहे. जुन्या व्हेनिसमध्ये १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरांची प्रवाशांसाठी निवासस्थाने झाली, भाडी वाढली, तरुण कुटुंबे मुख्य भूमीवर गेली. त्यामुळे झगे पांघरून मिरवणाऱ्यांत पाहुणेच फार. स्थानिक माणसे आम्हांस भेटली ती मिठाईच्या दुकानात, मनुका घातलेले व साखरेत घोळवलेले गरम 'फ्रित्तेले' घेण्यासाठी उभी असलेली. त्यांपैकी एकाच्याही तोंडावर मुखवटा नव्हता. हातांत मुलांची दप्तरे होती.