गिऱ्हाइकाने आणलेले व्हॉल्व्ह आणि दुरुस्तीची हमी

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती करणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुष्कळदा बाहेरून घेतलेले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, घेऊन येते आणि ते नुसते बसवून मागते. परंतु हे काम बल्ब बदलण्याइतके सोपे नाही. मार्शलच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत असणाऱ्या ईएल३४ या व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन जिच्यावर जाऊन आदळतात तो पत्रा, २५ वॅटपर्यंतच उष्णता सोसते, आणि एकाच कंपनीचे दोन नगही सारखा प्रवाह ओढत नसल्याने नवी जोडी घातल्यावर बायस, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या ग्रिड या जाळीला दिलेला ऋण दाब, मोजून पुन्हा जुळवावाच लागतो. प्लेटवर ४५० व्होल्ट असताना ३५ मिलिअँपिअरला सुमारे १६ वॅट खर्च होतात, हे ठीकच. तोच प्रवाह ७०वर गेला की प्लेट लाल पडू लागते, आणि आत शॉर्ट झाल्यास स्क्रीन या दुसऱ्या जाळीचा रेझिस्टर, प्रसंगी महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो.

म्हणूनच गिऱ्हाइकाच्या मालाला दुकानाची हमी नाही, ती केवळ मजुरीपुरती, आणि तो माल बिघडल्यास दुसऱ्या खेपेची मजुरी वेगळी, हे काम घेतानाच पावतीवर लिहून सही घेणे दोघांच्याही हिताचे असते. सरसकट नकार देणे मात्र योग्य नव्हे, कारण जपून ठेवलेले मलार्ड कंपनीचे जुने व्हॉल्व्ह चाचणीत उतरले तर आजही उत्तम वाजतात. गिऱ्हाइकाने आणलेला जुना, न वापरलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र ठामपणे परत करावा; तो नुसता पडून राहूनही आतून सुकतो.