मिठाच्या गावातली सर्वपित्री

तोक्योहून तोझाई मार्गाच्या गाडीने पूर्वेकडे निघाले की निशी-कासाई लागते. मराठी घरांना हे नाव नवे नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांनिमित्त आलेली कितीतरी भारतीय कुटुंबे या परिसरात स्थिरावली. याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. गाडी पुढे कासाई, उरायासु ही स्थानके घेत चिबा प्रांतात शिरते आणि ग्योतोकुला पोहोचते. बहुतेकांच्या लेखी ग्योतोकु म्हणजे भाडे जरा परवडणारे, कामावर जायला सोयीचे उपनगर. पण स्थानकाकडे पाठ करून जुन्या नदीच्या दिशेने चालू लागले, की पितरांची आठवण शतकानुशतके जपणारे एक देवळांचे गाव भेटते.

ग्योतोकु आज इचिकावा शहराचा दक्षिण भाग आहे. एका अंगाला एदो नदीचा जुना प्रवाह, दुसऱ्या अंगाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला रुंद कालवा आणि खाली तोक्योचा उपसागर. तिन्हीकडून पाण्याने वेढलेल्या या पट्ट्याला ऊर्जितावस्था आणली ती मिठाने. पुढे तोकुगावा राजवट स्थापन करणाऱ्या तोकुगावा इएयासुने एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आपले ठाणे केले, तेव्हा भरवशाचे मीठ जवळून मिळावे म्हणून त्याने ग्योतोकुच्या मिठागरांना आश्रय दिला. वाळूवर खारे पाणी खेळवायचे, उन्हात वाळवायचे, ती वाळू धुऊन दाट खारवणी काढायची आणि कढईत आटवायची, असे ते अंगमेहनतीचे काम. हे मीठ नेण्यासाठी एदोपर्यंत कालव्यांचा जलमार्ग तयार झाला. १६३२ पासून त्याच मार्गाने उतारूंच्या होड्याही सुरू झाल्या. नारिताच्या प्रसिद्ध देवळाला निघालेले यात्रेकरू ग्योतोकुच्या धक्क्यावर उतरत. कवी बाशोही १६८७ मध्ये काशिमाला जाताना इथेच होडीतून उतरला आणि पुढे पायी गेला.

त्या धक्क्याची खूण अजून उभी आहे. एदोतल्या निहोनबाशीच्या भाविकांनी १८१२ मध्ये नदीकाठी दगडी दीपस्तंभ उभारला. माणसाच्या दुपटीहून उंच असलेल्या या 'जोयातो'चा उजेड रात्री येणाऱ्या होड्यांना वाट दाखवी. आता त्याच्याभोवती छोटी बाग आहे.

मिठाचा पैसा आणि यात्रेकरूंची वर्दळ यांतून देवळे वाढली. 'ग्योतोकुत घरे हजार, देवळे शंभर' असे इथे म्हटले जाई. तोकुगावा राजवटीत प्रत्येक घराची नोंद एखाद्या बौद्ध देवळात असणे बंधनकारक झाले. घरातल्या माणसाचे अंत्यसंस्कार, वर्षश्राद्ध, कबरीची देखभाल हे सारे त्याच देवळाकडे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत कुळाच्या पिढ्या सापडतात, तशी इथे घराण्याची स्मृती देवळाशी बांधली गेली. होन-ग्योतोकुतल्या तेरामाची या रस्त्यावर आणि इएयासु ज्या वाटेने ससाणा घेऊन शिकारीला जाई, त्या अरुंद गोन्गेन वाटेवर आजही एकापाठोपाठ एक देवळे लागतात.

त्यांतले सर्वांत मोठे तोकुगान्जी. जोदो या बौद्ध पंथाच्या या देवळाला १६१० मध्ये इएयासुच्या आश्रयाने आजचे नाव मिळाले. गाभाऱ्यात अमिदा बुद्ध, म्हणजे अमिताभ. कामाकुरा काळातला थोर मूर्तिकार उन्केई याचे नाव परंपरा या मूर्तीशी जोडते. ग्योतोकु आणि उरायासुतल्या तेहतीस अवलोकितेश्वर-स्थानांची यात्रा याच देवळापासून सुरू होते. आवारात नामांकित तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्या स्मरणार्थ दगडी जिझो, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, आहे.

मराठी माणसाला इथे ओळखीचा वाटेल तो एन्मा, म्हणजे आपला यम. तो बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीनमध्ये गेला, तिथे त्याला न्यायाधीशाचा झगा आणि टोपी मिळाली, आणि त्याच वेशात तो जपानला आला. लाल चेहरा, वटारलेले डोळे. रेडा मागे राहिला, न्यायनिवाडा मात्र कायम आहे. मृताचा जाब दर सात दिवसांनी घेतला जातो आणि पस्तिसाव्या दिवशी तो एन्मासमोर उभा राहतो. चित्रगुप्ताच्या वहीच्या जोडीला इथे एक आरसाही आहे. माणसाची कृत्ये त्या आरशात उमटतात, त्यामुळे खोटे बोलायची सोय नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी पुढची गती ठरते, म्हणून तोपर्यंत घरच्यांनी केलेले पुण्यकर्म मृताच्या बाजूने उभे राहते. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याला जे महत्त्व, ते इथे या एकोणपन्नासाव्याला.

पितरांचे दिवस जपानमध्ये वर्षातून तीनदा येतात. वसंत आणि शरद संपाताच्या आसपास 'हिगान'चे सात-सात दिवस. त्यातला सप्टेंबरचा हिगान बऱ्याचदा आपल्या पितृपक्षालाच लागून येतो. तिसरा 'ओबोन', तोक्यो भागात जुलैत आणि इतरत्र बहुधा ऑगस्टमध्ये. त्याची कथाही भारतातलीच. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाला आपली आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना दिसते. तो तिला भात देतो, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे होतात. बुद्ध त्याला सांगतात, वर्षावास संपवून येणाऱ्या भिक्षूंना जेवू घाल. त्या पुण्याने आई सुटते. घरोघरी ओबोनला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याचा बैल. पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि बैलावरून सावकाश जावे, अशी त्यामागची माया.

कबरींजवळ गेले की दोन गोष्टी थांबून पाहाव्यात. पहिली, पाणी. कुटुंब येते ते लाकडी बादली आणि लांब दांड्याचे ओगराळे घेऊन. आधी दगड धुतात, मग वरून पाणी ओततात, फुले व उदबत्ती ठेवतात आणि हात जोडतात. तर्पणात आपण बोटांवरून जे सोडतो, तेच इथे दगडावरून ओघळते. दुसरी, कबरीमागे उभ्या केलेल्या उंच, अरुंद लाकडी पट्ट्या. त्यांना 'सोतोबा' म्हणतात, म्हणजे आपला स्तूपच. माथ्याला दोन्ही कडांनी खाचा पाडून पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांचे पाच आकार कोरलेले असतात. अनेक पट्ट्यांवर शाईने सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरे लिहिलेली असतात. ब्राह्मीपासून निघालेली ही लिपी भारतात विस्मरणात गेली आणि जपानी पुरोहितांच्या कुंचल्याने जिवंत ठेवली. खाली मृताचे आणि पट्टी अर्पण करणाऱ्याचे नाव असते. ऊन-पावसाने लाकूड करडे पडते, शाई पुसट होते, आणि पुढच्या विधीला नवी पट्टी येते.

पण तोकुगान्जीत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो एका स्मारकाला. १८०७ मध्ये एदोतल्या फुकागावाच्या उत्सवाला लोटलेल्या गर्दीच्या भाराने सुमिदा नदीवरचा एइताइ पूल कोसळला आणि शेकडो माणसे बुडाली. दुर्घटना इथली नव्हती. तरी बुडालेल्यांसाठी या देवळात स्मारक उभे राहिले. बौद्ध परंपरेत 'सेगाकी' नावाचा विधी आहे. ज्यांना अन्न-पाणी द्यायला मागे कुणी उरले नाही, अशा भुकेल्या जिवांसाठी त्यात पान मांडतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येमागचा भाव हाच. तिथी ठाऊक नसलेले, निपुत्रिक गेलेले, अपघातात हरवलेले या सगळ्यांसाठी त्या दिवशी पान वाढतात.

मिठागरे आता नाहीत. १९१७ च्या वादळात समुद्र आत शिरला, त्या तडाख्यातून हा व्यवसाय सावरला नाही. १९६९ मध्ये रेल्वे आली आणि भराव घातलेल्या जमिनीवर इमारती उठल्या. देवळे मात्र टिकली, कारण त्यांना मिठाने बांधले असले तरी सांभाळले ते वर्षानुवर्षे पाणी घालायला येणाऱ्या घरांनी.

जायचे असल्यास तोकुगान्जीला म्योदेन स्थानक जवळ. निशी-कासाईपासून पाचवे. तिथून तेरामाची, गोन्गेन वाट आणि नदीकाठचा दीपस्तंभ असा फेरा सावकाश पायी होतो. कबरींचे आणि तिथे आलेल्या कुटुंबांचे फोटो काढू नयेत. हिंदू मंदिरच हवे असेल, तर एदोगावा प्रभागातल्या फुनाबोरीत इस्कॉनचे 'न्यू गया' मंदिर आहे.

परदेशात श्राद्धाची तिथी सांभाळणे सोपे नसते. सुट्टी मिळत नाही, गुरुजी मिळत नाहीत, दर्भ मिळत नाही, आणि मग निदान आपल्या आई-वडिलांपुरते तरी करावे इतकेच मनात उरते. तेही थोडे नाही. पण तर्पणात आपल्या माणसांच्या नावांनंतर ज्यांचे कुणीच नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतात, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. ग्योतोकुच्या मीठकऱ्यांच्या देवळाने दुसऱ्या गावी बुडालेल्यांना आपल्या आवारात जागा दिली. त्या भागात राहणाऱ्या मराठी घरांनी पितृपक्षात एकदा तरी इथे यावे, मुलांनाही आणावे. पितृऋण आपल्या कुळापाशी संपत नाही, हे त्यांना इथे समजावून सांगता येईल.