सदाफुलीच्या अर्काची परीक्षा

सदाफुली ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणे कठीण. फुटक्या डब्यात, गटाराच्या कडेला, कुठेही हे झुडूप रुजते आणि बारमाही फुलते. मूळचे ते मादागास्कर बेटावरचे. मधुमेह झालेली कितीतरी माणसे सकाळी अनशापोटी त्याची पाने-फुले चावून खाताना आम्ही पाहतो. काही जण तर त्यावर विसंबून डॉक्टरांच्या गोळ्याही सोडतात. या झुडपाची शास्त्रीय परीक्षा कशी झाली, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते ते एवढ्यासाठी.

जमैकातही लोक मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तेथील एका डॉक्टरांनी पाठविलेली थोडी पाने कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. पानांचा अर्क त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना तोंडावाटे दिला. रक्तातील साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही. मग तो शिरेतून टोचला, आणि भलतेच घडले. थोड्याच दिवसांत उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. दुसरा कोणी प्रयोग फसला म्हणून बाटल्या धुऊन मोकळा झाला असता! नोबल यांनी कारण शोधले. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उंदरांच्या रक्तात कमी झाल्या होत्या, कारण त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जाच मंदावली होती. रक्ताच्या कर्करोगात तर याच पेशी बेसुमार वाढतात. मधुमेहाचे औषध शोधता शोधता कर्करोगाच्या औषधाचा माग लागला तो असा.

परंतु अर्क म्हणजे औषध नव्हे. सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइडे आहेत. अर्काचे रासायनिक रीतीने भाग पाडायचे, प्रत्येक भाग जनावरांवर तपासायचा, ज्यात गुण दिसेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असे हे चिकाटीचे काम. रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी ते केले आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन हा शुद्ध पदार्थ जगापुढे आला. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीतही या अर्काने रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर अधिक जगतात असे आढळले. तेथे मिळालेल्या व्हिनक्रिस्टिनला १९६३ साली परवानगी मिळाली. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांबरोबर ते आजही देतात.

पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म धाग्यांची मांडणी होते. ही औषधे ती होऊ देत नाहीत, म्हणून पेशीचे विभाजन थांबते. मात्र निरोगी पेशीही त्यातून सुटत नाहीत. म्हणूनच मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून, शिरेतूनच ते देतात.

पुढे काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने जनावरांची साखर उतरलेलीही दिसली, हे खरे. पण कुंडीतल्या पानात कोणते द्रव्य किती आहे, हे चावणाऱ्याला कळत नाही. गरोदर स्त्रियांनी तर ही पाने मुळीच खाऊ नयेत. जे खात असतील त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि चालू गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी पानांचा अर्क शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर काढावा. त्याची चव मात्र घेऊ नये.