अंगणातली सावली पुन्हा उभी करताना

घरातलं माणूस गेलं की कुणाकडे तेरावा होतो, आमच्याकडे चाळिसावा. चार माणसं येतात, धीर देतात. झाड गेलं तर भेटायला कुणी येत नाही. फांद्या चुलीला लागतात, खोड वखारीत जातं आणि दुपारचं ऊन बिनदिक्कत उंबरा ओलांडून आत येऊन बसतं. मग घरात कळतं, की गेलं ते नुसतं लाकूड नव्हतं.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, खाली मंडणगड, दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घराशेजारचे जुने आंबे, फणस मुळासकट उलथले. पुढच्याच वर्षी, मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून आमच्या भागात झाडाचा विषय निघाला की लोक म्हणतात, ‘आता घराजवळ झाड नको रे बाबा. पत्रा घालून घ्या.’ ज्यांच्या कौलांवर आंबा कोसळला, त्यांची ही भीती खोटी कशी म्हणावी? पण त्याच वादळात पत्रेही पानांसारखे उडाले होते. शिवाय पत्रा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापून ते खाली सोडतो. झाडाचं पान आतलं पाणी वाफेवाटे बाहेर टाकतं आणि भोवतालची हवा थंड करतं. मांडवाची सावली आणि आंब्याची सावली यांतला फरक अंगाला कळतो, तो यामुळेच.

तेव्हा झाड हवंच. प्रश्न आहे तो कुठलं, कुठे आणि कसं.

आधी पडलेली झाडं का पडली ते पाहू. आपल्याकडे मातीचा थर पातळ, खाली जांभा. मुळांना खोल जाता येत नाही, ती आडवी पसरतात. मग आपण घर वाढवतो, पायासाठी खणतो, एका बाजूची मुळं तुटतात. बुंध्यापर्यंत फरशी घालतो. कौलांवर पाला पडतो म्हणून घराकडच्या फांद्या छाटतो आणि झाड एकांगी होतं. मोठा वारा त्याच दुबळ्या बाजूचा फायदा घेतो. सगळीच झाडं अशी पडली असं नाही, पण बरीचशी अशीच पडली.

आता जागा. त्रास देणारं ऊन दुपारनंतरचं, म्हणजे पश्चिमेचं. सावली तिथेच हवी. पण आपला पावसाळी वाराही नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूचं झाड घराला चिकटून नको. मध्यम उंचीच्या झाडाला भिंतीपासून निदान वीस फूट जागा द्यावी. वर विजेची तार नको, खाली शौचालयाची टाकी नको. जुन्या झाडाच्या खड्ड्यातच नवं लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिथे कुजणारी मुळं असतात, त्यांच्याबरोबर वाळवी आणि बुरशी येते. सात-आठ फूट बाजूला सरकावं.

झाड कुठलं? वड, पिंपळ, उंबर ही गावाची झाडं. त्यांची मुळं भिंतीत शिरतात. त्यांना मोकळं मैदान द्यावं. गुलमोहर लवकर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. किनाऱ्यावर मला दोन झाडं भरवशाची वाटतात. एक उंडी. खारा वारा सोसणारी, जाड चकचकीत पानांची, बारमाही हिरवी. तिच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत आणि तिचं लाकूड होड्यांना लागे. दुसरी बकुळ. गर्द, आटोपशीर, सदाहरित. फूल वाळलं तरी वास न सोडणारी. दोन्ही सावकाश वाढतात, हे मात्र आधीच सांगतो. आंबाच हवा असेल तर कोय जागेवरच रुजवून तिथेच कलम बांधून घ्यावं. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ गुंडाळलं जातं. जागेवर रुजलेलं सरळ खाली वाट शोधतं आणि तेच पुढे वादळात झाडाला धरून ठेवतं.

खड्डा मेमध्ये खणावा, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. कातळ लागला तर पहारीने फोडावा, नुसता खरवडून सोडू नये. वरची माती वेगळी ठेवावी. खड्ड्याला पंधरा दिवस ऊन द्यावं. मग ती माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरावा. पाऊस लागला, माती आतपर्यंत भिजली की रोप लावावं. दोन-तीन फुटांचं रोप पुरे. मोठं रोप दिसायला बरं, पण रुजायला हट्टी. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढावी, गोल फिरलेली मुळं कापावीत. खोड आणि मूळ जिथे भेटतात ती जागा जमिनीच्या पातळीला यावी, खाली गाडली जाऊ नये. काठीला सुतळीने सैलसर बांधावं. वाऱ्यावर थोडं डुलू द्यावं. डुलणारं खोडच जाड होतं.

आपल्या पावसात रोपं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. म्हणून पावसाळ्यात बुंध्याशी मातीचा उंचवटा ठेवावा. दिवाळीनंतर तो मोडून आळं करावं आणि त्यात पालापाचोळा पसरावा, बुंध्याला मात्र टेकवू नये. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, दुसऱ्यात आठवड्याने भरपूर पाणी द्यावं. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरच राहतात. शेजारी मातीचं मडकं पुरून भरून ठेवलं तर ते हळूहळू पाझरत राहतं. आमच्या घरात वजूचं पाणी झाडाला जातं. त्यात साबण नसतो, आणि ते दिवसातून पाच वेळा मिळतं!

झाड मोठं होईपर्यंत काय? पोफळीचे खांब आणि झावळ्यांचा मांडव. त्यावर पडवळ, दुधी चढवावा. भाजीही मिळते.

शहरी भागातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं लावायची, असा हिशेब त्यात आला. साठ वर्षांच्या झाडाला साठ रोपं! आपल्या अंगणात साठ मावत नाहीत, एकच मावतं. म्हणून त्या एकाची साठ वर्षं सांभाळायची, हा आपला हिशेब.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने बकुळ लावावी का, असं मला विचारतात. तिची भरगच्च सावली पडायला दहा-बारा वर्षं लागतील. आमच्याकडे झाड लावणं हा सदका-ए-जारिया मानतात, देणारा गेल्यावरही चालू राहणारं दान. त्या सावलीत कोण बसेल याची यादी लावणाऱ्याने करायची नसते. त्याने एवढंच पाहायचं, की मे संपायच्या आत खड्डा तयार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)