दातावरची कॅप ‘बसते’ म्हणजे काय?

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांनी दातांच्या कॅपवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या विषयातला एक जुना प्रश्न इथे अगदी दाढेखाली येतो. एक वस्तू दुसरीला ‘बसली’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? कसब्यातल्या तांबट आळीत झाकण भांड्याला बसलं की नाही, हे कारागिराच्या हाताला कळतं. कॅपच्या बाबतीत मात्र ते मायक्रॉनमध्ये मोजावं लागतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

रूट कॅनल झालेल्या दाढेवर दातांच्या रंगाची कॅप बसवतात, तिच्या आत पुष्कळदा धातूचा पातळ सांगाडा असतो, बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा. तो करायची जुनी रीत ओतकामाची. दातांच्या कामात ती १९०७ साली अमेरिकेत विल्यम टॅगर्ट यांनी पुढे आणली, पण मूळ युक्ती मोहेंजोदडोच्या नर्तिकेइतकी जुनी. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा घालायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. अडचण अशी की धातू थिजताना आकसतो. कोबाल्ट-क्रोमियम तर दोन टक्क्यांहून थोडं जास्तच आकसतं. म्हणून तेवढाच फुगणारा साचा वापरतात. हा ताळमेळ जमवणं तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून असतं.

आता ‘लेझर कॅप’ आली. दाताच्या ठशावरून केलेला नमुना स्कॅन होतो आणि सांगाड्याचा आराखडा संगणकावर तयार होतो. आत सिमेंटसाठी किती जागा सोडायची, समजा ३० ते ५० मायक्रॉन, हेही तिथेच ठरतं. मग धातूच्या भुकटीचा २० ते ५० मायक्रॉनचा थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग तापवायचा, वर दुसरा थर द्यायचा. मेण नाही, साचा नाही. या पद्धतीला सिंटरिंग म्हणतात, म्हणजे खरं तर न वितळवता कण जोडणं. पण आजच्या बहुतेक यंत्रांत भुकटी चक्क वितळते. आणि वितळलेलं निवताना आकसणारच! थराथरांत ताण साठतो, म्हणून पट्टीवरून कापून काढण्याआधी सांगाडा भट्टीत तापवून तो ताण घालवावा लागतो. पुढे पोर्सेलिन चढवताना पुन्हा भट्टी आहेच. थोडक्यात, आकसणं काही संपलं नाही, त्याची जागा तेवढी बदलली.

मग बसली असं कधी म्हणायचं? १९७१ साली मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी पाच वर्षांतली हजारावर कामं तपासली आणि काठाशी १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालेल असं सांगितलं. लेझरचे सांगाडे बऱ्याच पाहण्यांत या मर्यादेत बसतात. पण ओतकामापेक्षा ते सरसच असतात असं म्हणता येत नाही, निष्कर्ष दोन्हीकडे झुकतात.

इथे आम्हाला दोन शंका येतात. पहिली, १२० चालते आणि १२१ चालत नाही, असं होईल का? एकेक दाणा काढत गेलं तर ढीग कुठल्या दाण्याला संपतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय जंतू असतो साधारण एका मायक्रॉनचा. त्याच्या दृष्टीने २५ मायक्रॉनची फटही रस्ताच आहे. तिथे अडवतं ते सिमेंट, आणि फट जितकी रुंद तितकं सिमेंट लाळेला जास्त उघडं पडून झिजतं. दुसरी शंका सरासरीची. फटीची सरासरी ६० आली, तरी एका कोपऱ्यात ती २०० असू शकते. नदी सरासरी गुडघाभर खोल आहे म्हणून कोणी डोळे मिटून पाण्यात शिरत नाही. कीड तर सर्वांत मोठ्या फटीतूनच शिरते.

न्यायभाष्यात वात्स्यायनांनी ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ ही कसोटी सांगितली आहे. ज्ञान खरं की नाही, हे त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते का यावरून कळतं. कॅपचंही तसंच. मात्र इथे एक धोका आहे. रूट कॅनल झालेल्या दाताची नस काढलेली असते, त्यामुळे आत कीड लागली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणजे नीट बसली, हे अनुमान इथे लंगडं पडतं.

तेव्हा आपण करायचं काय? ‘लेझरची आहे का’ या प्रश्नावर थांबू नये. ‘सिमेंट लावण्याआधी काठ सगळीकडून तपासला का?’ हे विचारावं. कॅपच्या आत पातळ सिलिकॉन भरून ती बसवून बघता येते. त्याचा पापुद्रा कुठे जाड, कुठे पातळ, यावरून आतली फट दिसते. एक्स-रेमध्ये दोन दातांमधले काठ दिसतात, गालाकडचा आणि जिभेकडचा नीट दिसत नाही. तिथे डॉक्टरांची बारीक सळई आणि बोटांची जाणच कामी येते. नंतरही कॅपपाशी दोरा अडकून तुटत असेल, अन्न अडकत असेल, हिरडीतून रक्त येत असेल, तर दुखण्याची वाट न बघता दाखवावं.

लेझरने काम झपाट्याने होतं, मेण-साच्याचा खटाटोप वाचतो, हे मान्यच. पण दात घासून काठ स्वच्छ ठेवणारा हात, ठसा घेणारा हात आणि शेवटी तपासणारा हात यांच्यापैकी एकही चुकला, तर यंत्र ती चूक इमानेइतबारे धातूत उतरवतं. जादा पैसे मोजताना यंत्राइतकीच या तीन हातांची चौकशी करावी.