बाल्साच्या मनोऱ्याचे गणित

इतिहासाच्या शिक्षकाने लाकडाच्या ताठपणाविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. कारण घडले ते आपल्या वसतिगृहातील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी उभारलेल्या एका मनोऱ्याचे. तो १५ किलो भार पेलेल, असे संगणकाचे उत्तर होते. प्रत्यक्षात दहा किलोच्या किंचित पुढे जाताच त्याचा एक खांब वाकून मोडला. "सांधे नीट चिकटवले नसतील," असे मी ते काम करणाऱ्या मुलीला सर्वांसमक्ष बोललो. मोडलेला मनोरा तिने माझ्यापुढे ठेवला. सांधे सर्व शाबूत होते. खांब मधोमध तुटला होता.

बाल्सा हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील वृक्ष. त्याच्या नावाचा स्पॅनिश अर्थ 'तराफा'. १९४७ साली थोर हेयरदाल यांनी 'कॉन-टिकी' हा बाल्साचा तराफा पेरूहून पॉलिनेशियापर्यंत नेला. दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' विमानाच्या सांगाड्यात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरलेला असे. वजनाच्या मानाने हे लाकूड फार ताठ असते. म्हणूनच अमेरिकेतील सायन्स ऑलिम्पियाड स्पर्धेत विद्यार्थी त्याचे मनोरे व पूल बांधतात. पेललेल्या भाराला रचनेच्या स्वतःच्या वजनाने भागले की तिची कार्यक्षमता कळते.

बारीक खांब दाबाने चुरडण्याआधी बहुधा बाजूला वाकतो. त्या वेळचा भार किती, हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या सूत्रात तीन गोष्टी येतात : लाकडाचा ताठपणा, म्हणजे यंगचा स्थितिस्थापकता गुणांक, खांबाची जाडी, आणि आधाराविना असलेली लांबी. चौकोनी खांबाची जाडी दुप्पट केली तर क्षमता सोळापट होते; लांबी निम्मी केली तर चौपट.

आपला मनोरा चार खांबांचा होता. प्रत्येक खांब ५ मिलिमीटर जाडीचा, आधारांमधील अंतर २० सेंटिमीटर. मुलांनी पुस्तकातील सरासरी गुणांक, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३००० न्यूटन, संगणकात भरला. त्यावरून एका खांबाची क्षमता सुमारे ३.९ किलो व चौघांची १५.७ किलो येते. आज्ञावलीचे गणित बिनचूक होते.

मग आम्ही उरलेल्या कांड्या तपासल्या. ३० सेंटिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर कांडी ठेवायची, मध्यभागी १०० ग्रॅम वजन टांगायचे आणि ती किती खाली जाते ते मोजायचे. गुणांक ३००० असेल तर कांडी साधारण ३.५ मिलिमीटर वाकते. मोडलेल्या खांबाच्या जोडीची कांडी ५.३ मिलिमीटर वाकली. तिचा गुणांक २००० च्या आसपास होता. त्या हिशेबाने खांबाची क्षमता २.६ किलोच ठरते. चारही खांबांवर सारखाच भार येत असल्याने सर्वांत दुबळा खांब जेथे हरतो तेथेच मनोरा कोसळतो, म्हणजे साडेदहा किलोजवळ. प्रदर्शनात नेमके तेच घडले.

बाल्साची घनता झाडागणिक, किंबहुना एकाच फळीत बदलते. हलकी कांडी सहसा अधिक लवचीक निघते. म्हणून प्रत्येक कांडी आधी तोलावी, मग वाकवून पाहावी, तिच्यावर तिचा आकडा लिहावा आणि तोच आकडा संगणकात भरावा. ताठ कांड्या दाबाखालील खांबांसाठी राखाव्यात. ताण सोसणाऱ्या पट्ट्या बाजूला वाकत नाहीत, त्यामुळे तेथे बारीक कांडीही पुरते.

दुसऱ्या मनोऱ्यात मुलांनी निवडक कांड्या घेतल्या आणि खांबांना मध्यावर आडव्या व तिरप्या पट्ट्यांचा आधार दिला. वजन थोडे वाढले, पण १५ किलो भार त्याने निर्विघ्न पेलला. त्याआधी, त्याच वर्गात, मी त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली होती. तिने केलेल्या मोजमापांची वही आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर ती अवश्य पाहावी, आणि आपल्यापैकी जे अभियंते आहेत त्यांनी मुलांसोबत एखादी कांडी वाकवून पाहावी, ही विनंती.